राहीबाईची मूठ

आबांची बायको आक्काबाई आणि धाकटा लेक गहिनीनाथ यांनी जातं उचलून त्यांच्या बाजेशी आणून ठेवलं. आबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लकव्यातून वाचलेला डावा हात बाजेच्या लाकडावर असा आपटला, की उशाचा पाण्याचा तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

“तसलं न्हाई... त्ये... बाई... थोडं थोडं...”

पुढचं येईना. आबांनी मूठ वळली, हळूहळू बोटं सैल केली, पुन्हा वळली. “खाली... खाली जातंय... समद्यांचं प्वाट...” आणि ज्याच्या आवाजाने एके काळी सगळी आळी जागी व्हायची, तो माणूस लेकरासारखा रडू लागला.

राहीबाई उंबऱ्यात उभी होती. ही त्यांची थोरली सून, मेलेल्या बन्सीची बायको. तिने वाकून तांब्या उचलला, सांडलेलं पाणी पदराने टिपलं आणि ती चुलीकडे वळली. आबांना न सापडणारा शब्द तिला ठाऊक होता. पहिल्या दिवसापासून ठाऊक होता!

आषाढात आबांना लकवा झाला आणि अर्ध्या अंगाबरोबर अर्धी भाषाही गेली. भाकरी, पाणी, बैल असे रोजचे शब्द जामखेडचे डॉक्टर म्हणाले तसे एकेक करून परतले. पण एक शब्द काही केल्या येईना, आणि आबांना नेमका तोच हवा होता. त्याचा अर्थ तेवढा त्यांच्या हातात उरला होता. बाईमाणूस मुठीतून थोडं थोडं सोडतं, ते खाली जातं, आणि त्यावर सगळ्यांचं पोट भरतं. घरादाराने तर्क लढवले. आक्काबाईला वाटलं, म्हाताऱ्याला दानधर्म करायचा आहे, म्हणून तिने दारावरच्या गोसाव्याला मूठमूठ ज्वारी घातली. धाकटी सून बनुबाई नुकतीच लग्न होऊन आलेली. तिने कोंबड्यांना अंगणात दाणे टाकून दाखवले. शेजारचा कानिफनाथ म्हणाला, अहो, त्याला तल्लफ आलीय, आणि त्याने तळहातावर तंबाखू ठेवला. आबांनी तो कानिफनाथच्याच अंगावर उडवला. नंतर कानिफनाथ आठवडाभर सांगत फिरत होता की म्हातारा सुधारतोय, नेम चांगला झालाय. सगळ्यांत शेवटी जातं आलं, कारण बाई जात्यात मुठीनेच तर घास टाकते.

पेरणी कुणाच्या ध्यानात आली नाही, यात नवल नव्हतं. दोन सालं मातीत दाणा पडला नव्हता. बैल चाऱ्याच्या छावणीत होते, गहिनीनाथ दोन्ही हंगाम कारखान्याच्या उसाला कोयता घेऊन गेला होता, आणि पेरायची पाभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. तिच्या नळ्यांत गांधीलमाश्यांनी घरं केली होती. जे काम घरात होत नाही, त्याचे शब्दही घरात बोलले जात नाहीत.

आबांना हवा होता तो शब्द होता चाडं. पाभरीवरची ती लाकडी वाटी. पुढे गडी बैल हाकतो, मागून बाई चालते आणि मुठीतले दाणे चाड्यात सोडते. ते नळ्यांतून जमिनीत उतरतात. मूठ सैल पडली तर पीक दाटतं, आखडली तर रान टकलं दिसतं. आणि राहीबाईची मूठ अशी होती की उगवून आल्यावर लोक बांधावर थांबून बघत. दोन रोपांत तेवढंच अंतर, जणू कुणी बोटं धरून मोजलेलं. आबा तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत, ही आमच्या सुनेची पेरणी हाय.

मग एका पेरणीच्या दिवशी, पाभरीचं शेवटचं तास संपताना, बन्सीला पान लागलं, पायाला साप डसला. पाभर हाकता हाकता तो खाली बसला आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेला. राहीबाईच्या मुठीत तेव्हाही दाणे होते. आणि दहाव्याच्या दिवशी, भरल्या माणसांत, आबा बोलले...

“ह्या मुठीनं माझा ल्योक पेरला मातीत. पुन्यांदा चाड्याला शिवायचं न्हाई.”

साप बिळातून निघाला होता, मुठीतून नव्हे. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण विधवेची बाजू घ्यायला कुणाची जीभ उचलत नाही. सगळे माना खाली घालून जेवले आणि घरी गेले.

राहीबाई त्या दिवसापासून चाड्याला शिवली नाही. भाऊ तिला माहेरी न्यायला गाडी जुंपून आला होता. पण लेकाच्या दुःखाने सासूने अंथरूण धरलेलं, दीर गहिनीनाथ लहान. ती गाडीत बसली नाही. सासू बरी केली, दीर वाढवला, त्याचं लग्न लावताना मांडवामागे उभी राहून अक्षता टाकल्या. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला घरातून ती एकटी गेली. जी मूठ अपशकुनी ठरली होती तिच्यातच हातोडी धरली, आणि कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आणून आधी आबांच्या ताटात ओतली. आबांनी ती खाल्ली. ती मूठ त्या घासाला मात्र चालली! लोक अशा बाईला देवी म्हणून मोकळे होतात. देवी म्हटलं की तिला काही द्यावं लागत नाही.

ती देवी नव्हती. तिला राग होता, आणि तो राग तिने शिळ्या विस्तवासारखा राखेखाली जपला होता. शब्द ओठावर आला की ती तो गिळत होती. ज्यांनी माझ्या हातातून काढून घेतला त्यांच्याच तोंडून तो हरवलाय, त्यांनीच हुडकावा, असं तिला वाटे. शिवाय भीतीही होती. आपण चाडं म्हणालो तर सासूबाईंना वाटेल, ही बनुबाईचा मान हिसकायला निघाली. नव्या सुनेची पहिली पेरणी! तिच्या ओटीत आपलं दुर्दैव कशाला टाकायचं?

पण जातं आणल्या दिवसापासून आबांनी अन्न सोडलं. पेज तोंडाशी नेली की मान फिरवत. आक्काबाई त्यांच्या पायाशी बसून राही. काय वासना राहिली असेल, ती न सांगता गेला तर जीव घुटमळेल, असं पुटपुटत ती स्वतःचे हात चोळी. चौथ्या दिवशी सकाळी आबांनी पुन्हा मूठ उचलली, पण ती वळेना. बोटं उघडीच राहिली आणि हात गोधडीवर पडला. डोळे मात्र दारात उभ्या राहीबाईवर खिळले होते.

राहीबाईने पेजेची वाटी खाली ठेवली. ती बाजेजवळ आली, गुडघ्यांवर बसली, आणि सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून, इतक्या वर्षांत प्रथमच, तो शब्द मोठ्याने बोलली.

“चाडं. मामंजी, तुमी चाडं म्हन्ताय.”

आबांचा चेहरा फाटल्यासारखा झाला. ओठ हलले, जीभ टाळ्याला लागली, सुटली. “चा... डं... चाडं.” दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. मग तो डावा हात उठला आणि राहीबाईच्या मुठीवर येऊन पडला.

“तू,” आबा म्हणाले. “चाडं... तू.” आणि पाठोपाठ, “चुकलं.”

हा शब्द मात्र त्यांना शोधावा लागला नाही. तो दहा वर्षं जिभेखालीच पडून होता.

राहीबाईने हात काढून घेतला नाही, पण ती लगेच विरघळलीही नाही. एवढंच म्हणाली, “लई उशीर केला, मामंजी.” मग पेजेची वाटी उचलून त्यांच्या ओठांना लावली, आणि आबा प्याले.

आक्काबाई मात्र उठून उभी राहिली. ठाऊक होतं तर एवढे दिवस म्हाताऱ्याला का रडवलंस, असं तिने सुनेला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बजावलं की आजारी माणसाच्या बोलण्यावर रीत मोडत नाही. सवाष्ण घरात असताना रांडमुंड बाई चाड्यावर चालली तर गाव तोंडात शेण घालील. राहीबाईने मान हलवली. तिलाही तेच वाटत होतं. शब्द सापडला, म्हातारा जेवला, आपलं काम झालं.

हस्त नक्षत्र लागलं आणि दोन सालांनी पाऊस झाला. पाभर आढ्यावरून उतरली, गांधीलमाश्या धुराने हाकलल्या, छावणीतून आणलेले बैल जुंपले. आबांनी हट्ट धरला म्हणून त्यांची बाज चार जणांनी उचलून बांधावर ठेवली. बनुबाई नवं लुगडं नेसून, ओटीत बियाणं घेऊन आली. आक्काबाईने पाभरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बनुबाईने मूठ भरली... आणि दाणे परत ओटीत सोडले. मग मागे वळून बांधावर बसलेल्या जावेकडे चालत गेली आणि सगळं बियाणं तिच्या ओटीत ओतलं.

“बाई, मला येत न्हाई. तुमी चाला, मी मागनं शिकते.”

गहिनीनाथने कासरा सोडून दिला. वहिनी चाड्यावर येईल तेव्हाच बैल हाकीन, नाहीतर रान पडीक राहू दे, असं तो आईकडे न बघता म्हणाला. ज्या बाईने त्याला खडी फोडून जगवलं, तिच्यासाठी त्याने एवढं करायला फार उशीर केला, पण केलं. बांधावर आबांचा डावा हात हवेत उठला होता. वळलेली मूठ, उघडलेली मूठ.

सगळे आक्काबाईकडे बघत राहिले. म्हातारी हळदकुंकवाचं ताट धरून ढेकळांत उभी होती. दहाव्याच्या दिवशी तीही तिथेच होती. तिचाही लेक होता, आणि तिनेही ते वाक्य ऐकून घेतलं होतं. मग ती अडखळत राहीबाईजवळ आली. चिमटीत कुंकू घेतलं. हात कपाळाकडे गेला, थबकला... इतक्या वर्षांची रीत त्या हातात होती. तो खाली आला. आक्काबाईने सुनेची मूठ हातात घेतली, खडी फोडून दगडासारखी झालेली ती मूठ, आणि तिच्यावर आधी हळद लावली, मग कुंकू.

कपाळ गावाच्या मालकीचं होतं. मूठ तिची होती.

राहीबाई उभी राहिली. ती रडली नाही, तिला ओळ सरळ ठेवायची होती. गहिनीनाथने बैलांना हाक दिली, पाभर हलली, आणि तिने चाड्यावर हात धरून बोटं सैल केली... थोडी थोडी.