शेंडेनक्षत्र आणि बंद दरवाजा

पूर्वेच्या डोंगरांवर तांबडं फुटण्याआधीच खैरगडाच्या बुरुजावर निम्मी शिबंदी गोळा झाली होती आणि आभाळाकडे पाहून भलेभले देवाचा धावा करत होते. क्षितिजावर हातभर शेपटीचं शेंडेनक्षत्र उभं होतं.

त्या गर्दीत एकटे बाळंभट जोशी तेवढे हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते. त्यांच्या घराण्यात दोन जुनी टिपणं होती, पंच्याहत्तर वर्षांच्या अंतराने लिहिलेली, आणि दोहोंत एकाच वाटेने आलेला तोच पाहुणा! यंदा तो परतणार, हे गडाचे जोशीबुवा तीन वर्षं कंठशोष करून सांगत होते. कुणी ऐकलं असेल तर शपथ.

आला तोही कसल्या मुहूर्तावर! चार महिने शत्रूचा वेढा, कोठारात दोन दिवसांचं धान्य, आणि दुसऱ्याच पहाटे खिंडीतून रसदेचे बैल यायचे होते. दरवाजा उघडून, शत्रूवर तुटून पडून ते आत घ्यायचे, असा बेत ठरलेला होता.

"सरकार," सबनीस मुरारपंत सदरेवर हात जोडून किल्लेदार हैबतरावांना म्हणाले, "धूमकेतू दिसत असता दरवाजास हात लावू नये, हा गडाचा पूर्वापार रिवाज. अकरा दिवसांची शांत करावी, मग बाहेर पडावे."

"अकरा दिवस!" बाळंभट ताडकन उठले. "तोवर माणसं काय वारा खाऊन जगतील? सरकार, हा उत्पात नव्हे. हा आपल्या नेमाने येतो आणि जातो. पाचव्या दिवशी सूर्याच्या तेजात बुडून दिसेनासा होईल, हे आज लिहून देतो!"

"जोशीबुवा," हैबतराव थंडपणे म्हणाले, "आपली गणितं आम्हांस उमगत नाहीत. रिवाज उमगतो."

झालं! बाळंभटांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दगडापुढे बोलून उपयोग काय?

दुसऱ्या पहाटे खिंडीत रसदेचं शिंग वाजलं. वर होमाचा धूर, खाली बंद दरवाजा. पुन्हा शिंग वाजलं, आणि शत्रूच्या छावणीत धावपळ सुरू झाली. बाळंभट तरातरा दरवाजाशी आले.

"नाईक, दिंडी उघडा."

"हुकूम न्हाई, बुवा," दरवाजावरचा सुभानजी नाईक वर त्या शेपटीकडे बघत पुटपुटला.

"मग तुम्ही नका उघडू." बाळंभटांनी स्वतःच अडसर ओढला. "आभाळ कोसळायचंच असेल, तर आधी माझ्या टाळक्यावर कोसळू दे!"

हाती नुसती काठी घेऊन, जन्मात तलवार न धरलेला तो पन्नाशीचा ब्राह्मण शत्रूच्या मोर्च्यांसमोर उतरू लागला. वीस पावलं गेला, चाळीस गेला, मांडीत गोळी शिरून कोसळला. आभाळ मात्र जागच्या जागी राहिलं. तेव्हा सुभानजीला स्वतःची लाज वाटली. तो ओरडत धावला आणि त्याच्यामागे सारी शिबंदी लोटली.

दिवस वर येईतो बैल आत आले. त्याच गडबडीत मुरारपंत दोर लावून तट उतरले ते कायमचे. त्यांच्या घरात शत्रूच्या शिक्क्याची तीन पत्रं सापडली. पाचव्या दिवशी तारा दिसेनासा झाला, पंधरवड्यात वेढा उठला.

हैबतरावांनी दरबार भरवला, शाल मागवली.

"जोशीबुवा, आपण धूमकेतू पिटाळलात. शिबंदीस सांगा, गेला तो कायमचा. पुन्हा येणे नाही."

"सरकार, मी पिटाळला नाही. तो आपल्या वाटेने गेला, आणि येईल."

"लोक धास्तावतील. आमची आज्ञा आहे."

बाळंभटांना रडावं की हसावं कळेना. काठीवर रेलून ते शिबंदीकडे वळले.

"पुन्हा येईल! पंच्याहत्तर वर्षांनी! तेव्हा भिऊन दरवाजा लावून बसू नका!"

शाल परत गेली, जोशीपण गेलं. संध्याकाळी गड सोडून जाण्याचा हुकूम झाला.

लंगडत ते दरवाजाशी आले, तेव्हा सुभानजीने मुजरा केला.

"बुवा, नक्की किती वर्सांनी म्हनालात?"

"पंच्याहत्तर."

नाईकाने बराच वेळ बोटं मोजली.

"म्हंजे माजा नातू असंल पहाऱ्यावर," तो म्हणाला. "घरात सांगून ठेवतो."