भिसे खिंडीतलं डावं वळण

रामवाडीच्या सर्व्हिस रोडवर दीना रोहेकर पडली, तेव्हा तिला लागलं कमी आणि राग आला जास्त.

डंपरवाल्याने वाट दिली नाही, खालच्या चिखलाने दगा दिला, आणि तिची निळी गाडी डाव्या कुशीवर आडवी झाली. रोह्याजवळच्या कंपनीतली शिफ्ट संपवून ती पेणला घरी चालली होती. पाऊस भुरभुरत होता. दोन-चार माणसं जमली, "ताई, लागलं का?" विचारून पांगली. एकच जण थांबला. तो मात्र तिच्याकडे नाही, डबक्याकडे बघत होता.

"गेले..." तो हळहळला.

"कोण गेलं?"

"पोहे. समोरनंच येत होतो मी. ब्रेक मारला नि पिशवी हँडलवरनं थेट पाण्यात."

"माझी गाडी मोडलीय, आणि तुम्हाला पोह्यांचं पडलंय?"

"आईनं खास पेणचे आणायला सांगितले होते. नवसाच्या मलिद्याला." चेहरा गंभीर होता, पण डोळे... डोळे सरळ सरळ हसत होते.

दीनाला आणखी राग यायला हवा होता. तो काही येईना. दोघांनी मिळून गाडी उभी केली. शर्यतीच्या गाडीला पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचं चिलखत असतं ना, फेअरिंग म्हणतात ते, त्याची डावी बाजू पुढून मागपर्यंत तडकून लोंबत होती. स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी! दीना तो तुकडा उगाचच परत जागेवर दाबत राहिली. त्याने ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून पोह्यांच्या रिकाम्या पिशवीने तो तुकडा घट्ट बांधून दिला.

"नवीन मिळायला महिने जातील. त्यापेक्षा आपण काढूनच टाकू सगळं."

'आपण' हा शब्द दीनाने ऐकला आणि जपून ठेवला.

"माझी बघा," त्याने आपली गाडी दाखवली. पुढे गोल दिवा, रुंद हँडल, इंजिन उघडं. "हीपण चिलखतवालीच होती. घरच्या अंगणात सोडवली. नेकेड बाईक म्हणतात हिला."

"शब्द जरा..."

"शब्द कंपनीवाल्यांचा हाय. माझा नाय."

ती हसली. हसल्यावर कोपर ठणकलं, तरी हसली. "मग शनिवारी या पेणला. शनिवार-रविवार मला सुट्टी असते."

"रविवारी येतो. शनिवारी मी पान्याला हात लावत नाय."

दीना थबकली. मलिदा मुसलमान घरांतही करतात, म्हणून तिने त्याला अशाच एखाद्या घरातला धरलं होतं. पण शनिवार?

"आडनाव काय तुमचं?"

"पेणकर. जोनाथन पेणकर. राहतो रोह्याला, अष्टमीत."

"आणि मी रोहेकर. राहते पेणला!"

दोघं भर रस्त्यात हसत सुटली. दोघंही कोकणातले मराठी ज्यू, बेने इस्रायल. पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून नाव पडलं शनवार तेली. निम्मं गणगोत इस्रायलला गेलं, उरलेलं मुंबई-ठाण्याला. दीनाची आई चार वर्षं फोनवरून देशोदेशी स्थळं धुंडाळत होती, आणि एक स्थळ दीनाच्या रोजच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहत होतं! अर्थात हे दीनाने आईला लगेच सांगितलं नाही. काही गोष्टी थोडा वेळ एकट्यानेच चघळायच्या असतात.

घरी मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. बाबा, म्हणजे जोसेफ रोहेकर, पेण डेपोचे निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"विकायची."

"बाबा!"

"आज पडलीस. उद्या हायवेवर पडशील. ठाण्याच्या मावशीकडं जागा हाय, तिकडं बघ नोकरी."

दीनाला ठाणं नको होतं. कंपनीच्या लॅबमधलं काम तिने जिद्दीने मिळवलं होतं, आणि सकाळी सातच्या शिफ्टला पोचवणारी ना धड एसटी होती ना रेल्वे. बाईक गेली की नोकरी गेली. आणि आता तर रोह्यात आणखीही काहीतरी होतं, ज्याला अजून नाव नव्हतं. ती तीन दिवस भांडली, रुसली, एक वेळ जेवलीही नाही. शेवटी बाबांनी अट घातली.

"दुरुस्त कर. मग मी स्वतः मागं बसणार, पेण ते रोहा. वाटेत एकदा जरी मला उतरावंसं वाटलं, तर त्याच दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल," दीना म्हणाली.

मग सुरू झाले ते रविवार... आणि रविवार पुरेनात म्हणून अधल्यामधल्या संध्याकाळीही. एकेक बोल्ट निघायचा आणि आईच्या पापडाच्या डब्यात जायचा. आई कपाळाला हात लावायची, पण जोनाथन आला की चहाबरोबर करंजीही आपसूक यायची. "नागडी गाडी म्हणे," ती पुटपुटायची, "घरात बापमाणूस बसलाय!"

फेअरिंग निघालं तेव्हा कळलं, की दिवा, आरसे, मीटर सगळं त्याच्याच आधाराने उभं होतं. आता सगळं तारांवर लोंबकळत होतं. दीनाला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"घाबरू नकोस," जोनाथन म्हणाला. तुम्हीचं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. "आतलं बाहेर आलं की कुणीही थोडं विस्कटलेलंच दिसतं."

"अनुभव दिसतो दांडगा."

"तुला बघतोय ना रोज. केसात ग्रीस हाय तुझ्या."

"कुठे?"

"इथं..." त्याचा हात उचलला गेला आणि तिच्या कानापाशी येऊन थांबला. खुर्चीतून बाबा खोकले. हात मुकाट्याने पान्याकडे वळला. दीनाने मान खाली घालून तारा गुंडाळायला घेतल्या, आणि लाल तारेला काळी टेप गुंडाळली की काळीला लाल, याचा तिला पत्ता नव्हता.

पण शिकली ती भराभर. दोन रविवारांत जोनाथनला पाना मागायची गरज उरली नाही. तो हात पुढे करायच्या आत ती योग्य मापाचा पाना हातात ठेवायची. मग एक दिवस उलटं झालं. ती काम करायला लागली आणि तो पाने द्यायला. गोल दिवा बसला. इंजिनाच्या धातूवर संध्याकाळचं ऊन पडलं की दीना उगाचच फडकं फिरवत राहायची.

शेवटचं काम शुक्रवारी निघालं. रुंद हँडल, आणि त्याच्या ॲक्सिलरेटरची वायर. सूर्य कलत होता. दिवेलागणीआधी जोनाथनला रोहा गाठायचं होतं; एकदा शब्बाथ लागला की ना गाडी, ना फोन, ना पाना. त्याने घाईघाईत वायर दिव्याच्या बाहेरून घेतली, जोडली आणि हेल्मेट उचललं.

"हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं राहिलं. रविवारी सकाळी आल्या आल्या पहिलं तेच. त्याआधी चालवू नकोस."

"आणि दुसरं काय?" दीनाने सहज विचारलं. म्हणजे सहज नाहीच.

तो फाटकात अडखळला. "दुसरं... रविवारी सांगतो." आणि गेला.

शनिवार किती लांब असू शकतो हे दीनाला त्या शनिवारी कळलं.

रविवारी उजाडतं तोच फाटकापाशी हेल्मेट घालून कोण उभं? बाबा! आयुष्यभर पहिली गाडी वेळेवर सोडलेला माणूस.

"चला. सुटायची वेळ झाली."

"बाबा, जोनाथन येतोय. थोडं बघायचं राहिलंय..."

"गाडी कुणाची, त्याची का तुझी?"

यावर कोणती मुलगी गप्प बसेल? दीनाने तिथल्या तिथे निदान पाहायला हवं होतं. पण बाबांच्या त्या एका वाक्याने तिचं डोकं फिरलं, आणि तिने गाडी काढली.

आणि काय चालली गाडी! घरातून निघताना उजवीकडे, मग हायवेला सरळ. अंगावर थेट वारा, खाली मोकळ्या इंजिनाची धडधड. वडखळ गेलं, नागोठण्याला पुन्हा उजवीकडे. मागे बाबांचे हात तिच्या खांद्यावरून उतरून स्वतःच्या मांडीवर गेले होते. म्हणजे पास होत आले, दीना मनात म्हणाली.

भिसे खिंड लागली. ओले डोंगर, चढ, आणि मग ते डावं वळण. हळू करून तिने हँडल डावीकडे दाबलं... आणि गाडी एकदम किंचाळली! दीनाने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी वेग वाढतच चालला. समोर कठडा. बाबांचे हात पुन्हा तिच्या खांद्यांवर, घट्ट.

तिने क्लच दाबला, ब्रेक धरला, हँडल सरळ केलं. गाडी वळणाच्या कडेला, मातीच्या पट्टीवर येऊन थांबली. तिने इंजिन बंद केलं.

"बाबा, उतरा," ती म्हणाली, आणि आपणच काय बोलून बसलो ते तिला कळलं. ठाण्याची मावशी डोळ्यांसमोर उभी राहिली.

बाबा उतरले. नेमका तेव्हाच वरून उतरत जोनाथन आला. गाडी बाजूला लावून धावला, चेहरा पांढरा पडलेला.

"वायर! दीना, माझी चूक, मी..."

"तू हात लावायचा नाय," बाबांनी त्याला अडवलं. "गाडी तिची हाय."

दीना गाडीपाशी वाकली. अट तर गेलीच, मग आता कशाला? पण डोकं थांबेना. तिने हँडल डावीकडे वळवलं, वायर ताणली गेली. सरळ केलं, ढिली पडली. अच्छा. वळताना आपण मूठ पिळत नव्हतो, हँडलच वायर ओढत होतं. तिने सीटखालचे पाने काढले. दिव्याचे नट सैल केले, दिवा पुढे ओढला, वायर बाहेरून काढून आतून घेतली, नट आवळले. जोनाथन हाताची घडी घालून, स्वतःला आवरत उभा होता. तिने गाडी सुरू केली. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. इंजिन आपल्या तालात, जराही चढलं नाही.

"चावी दे तुझी," बाबा जोनाथनला म्हणाले.

"अं?"

"मी पुढं जातो अष्टमीला, तुझ्या आईकडं. तुम्ही या मागनं. निकाल तिथं सांगतो." आणि साठी उलटलेले जोसेफ रोहेकर जोनाथनच्या गाडीवर टांग टाकून भुर्रकन निघूनही गेले.

खिंडीत दोघंच उरली.

"काल दिवसभर ती वायर डोक्यात होती," जोनाथन म्हणाला. "फोन उचलला, खाली ठेवला. पहाटेच निघालो... तुला काही झालं असतं तर..."

"नाही झालं."

"दीना, शनिवारी मी सगळं सोडून बसतो. गाडी, काम, फोन. आजवर कधी जड गेलं नाय. आता तू एक सुटत नाहीस."

दीनाच्या छातीत गाडीपेक्षा जास्त धडधडत होतं. "बाबा गाडी विकणार. मी ठाण्याला जाणार. तरी ऐक... मला तू आवडतोस. खूप. मी तुझ्याशी लग्न करणार, तू करणार असलास तर."

तो बघतच राहिला. "हे मी विचारणार होतो!"

"तू शुक्रवारपासून विचारतोच आहेस. करणार का?"

"हो! ठाण्याला, अष्टमीला, कुठंही. हो!"

"मग बस मागे. आणि घट्ट धर."

त्याने धरलं. अष्टमी येईपर्यंत दीनाच्या गालावरचं हसू वाऱ्यानेही हललं नाही.

ओटीवर बाबा जोनाथनच्या आईबरोबर चहा पीत बसले होते. दीना समोर जाऊन उभी राहिली, हेल्मेट काखेत, हात काळे.

"विका गाडी, बाबा. तुम्हाला उतरावं लागलं."

"लागलं. वाटलं नाय." बाबांनी बशी खाली ठेवली. "अट वाटण्याची होती. मी उतरलो, कारण ड्रायव्हर उतरा म्हणाला. गो दीना, जन्मभर एसटी चालवली मी. बिघडत नाय अशी गाडी बघितली नाय. बिघडल्यावर मागच्या माणसाला धक्का लागू न देणारे मात्र थोडेच बघितले. त्यातली तू एक." त्यांनी तिचं हेल्मेट घेऊन ओटीवर ठेवलं. "गाडी राहील, नोकरी राहील."

दीना त्यांच्या गळ्यात पडली. काळे हात पांढऱ्या सदऱ्यावर उमटले.

"आता तू," बाबांनी तिच्या खांद्यावरून जोनाथनकडे पाहिलं. "तुझं काय राहिलंय का विचारायचं? का अजून चार रविवार आमच्या करंज्या खाणार?"

जोनाथन लाजून लाल झाला. "तिनंच विचारलं, बाबा."

"मग? तू काय म्हणालास?"

"हो म्हणाला," दीना म्हणाली, "आणि इतक्या मोठ्यानं, की खाली नागोठण्यापर्यंत ऐकू गेलं असेल."