बोगद्याच्या अलीकडे

मलकापूरच्या गॅरेजात गाडीचं घर होत होतं तेव्हा मंगलनं मिस्त्रीचं डोकं खाल्लं ते एकाच गोष्टीवरून. पाण्याची टाकी.

"वहिनी, सीटखाली बसवतो की. चाळीस लिटरची झकास बसती."

"चाळिसात दोन माणसांचं काय हुतंय? टपावर बसवा. मोठी."

"टपावर? गाडी लय उंच हुईल."

"हुंदे."

मग टाकी टपावर चढली. तिच्या नवऱ्यानं, आकारामनं, टेप लावून गाडीची उंची मोजली आणि कपाळाला हात लावला. उभा जन्म फौजेत ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. लेहपासून तेजपूरपर्यंतचे रस्ते पायाखालचे. निवृत्तीनंतर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, सिंक बसवून दोघांनी फिरायचं, हे त्याचं किती दिवसांचं मनात होतं. "अगं, गावोगाव नळ हायत. आपण काय उंट हाय व्हय?" एवढंच तो म्हणाला. टाकी कशासाठी ते त्याला ठाऊक होतं.

टाकी होती अर्जुनासाठी. अर्जुना म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ. कवठे महांकाळच्या पुढं, रेल्वेच्या पलीकडं, माळावर त्याची वस्ती. आई गेली तेव्हा मंगल जबलपूरला, नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये. रेल्वे रखडली, आणि ती मिरजेला उतरून वस्तीवर पोचली तोवर आईची राख निवत आली होती. अर्जुना थांबला नव्हता. चार माणसं म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरकाय पायजे, म्हणून त्यानं उरकलं. मंगल त्याच चार माणसांच्या देखत म्हणाली, "तुझा उंबरा मी परत ओलांडणार न्हाई. तुझ्या घरच्या पाण्याचा घोट घेणार न्हाई."

रागाचा शब्द तो. कुणी दंडाला धरून आत ओढलं असतं, वर दोन शिव्या हासडल्या असत्या, तर तिथंच विरून गेला असता. पण सगळे म्हणाले, मंगल म्हणजे शब्दाची पक्की. मग काय, पक्कं राहावं लागलं. चौदा वर्षं.

होळीच्या सुमाराला अर्जुनाला मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर घरी न्या म्हणाले, म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याची लेक सृष्टी फोनवर म्हणाली, "आत्या, दादा रोज इचारत्यात, अक्का आली का म्हणून."

"येते की गं. गाडी झाली की निघतोच."

मंगलला तोड सुचली होती ती अशी. गाडी म्हणजे आपलं घर. आपली चूल, आपलं पाणी. ती अर्जुनाच्या अंगणात उभी करायची, दाराला दार लावून. तो त्याच्या उंबऱ्याच्या आत, आपण आपल्या पायरीवर. मन मोकळं करायचं आणि शब्दही राखायचा. या अकलेचं तिला मनातून कौतुक वाटत होतं, हे खोटं का बोला.

गाडी तयार झाली. मग रस्ता दाखवायला काय घ्यायचं यावर घरात खल सुरू झाला.

आकारामकडं फौजेतल्या सवयीचा कागदी नकाशा होता, घडीवर घडी फाटलेला. "कागदाला बॅटरी लागत न्हाई," तो म्हणायचा. लोकांना विचारत जाण्यावर त्याचा विश्वास नव्हता. माणसं तोंडानं डावीकडं म्हणतात आणि हात उजवीकडं करतात. फोनवरचा नकाशा बरा, पण त्याला सगळ्या गाड्या सारख्याच. मोटारसायकल जाईल तिथं तो ट्रकही घालतो. पुण्याहून मुलगा धैर्यशील म्हणाला, मोठ्या गाड्यांसाठी वेगळं यंत्र मिळतं, त्याला गाडीची उंची, रुंदी, वजन सांगायचं, म्हणजे ते बुटके पूल, अरुंद गल्ल्या टाळून नेतं.

"उंची किती, वजन किती. मुलगी बघायला आल्यागत इचारतंय की हे," मंगल म्हणाली. पण हट्ट तिनंच धरला. "तेच मागवा. उंच गाडी, कुठं अडकली म्हंजे?"

"फोनवर जाऊ की. कवठे काय लेहला हाय?"

"न्हाई. येऊ दे ते."

ते यायला आणखी आठवडा गेला. मंगलनं त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. आकारामनं तिच्याकडं एकदोनदा बघितलं.

सकाळी उन्हाच्या आधी निघाले. विटा गेलं, तासगाव गेलं. द्राक्षं उतरून गेलेल्या बागा, बेदाण्याच्या शेडच्या हिरव्या जाळ्या, तापायला लागलेलं डांबर. काचेवर चिकटवलेलं यंत्र बाईच्या आवाजात हिंदीतून सूचना द्यायचं. मंगलनं तिचं नाव मास्तरीण ठेवलं. मांडीवर मंगलचा फोन. सृष्टीनं तिला लोकेशन पाठवायला शिकवलं होतं: म्हणजे आत्या कुठवर आली ते तिकडं सृष्टीच्या फोनवर ठिपक्यानं दिसायचं. "दादांना दाखवतीया मी," सृष्टी म्हणाली. "म्हणत्यात, अक्का सरकाय लागली बघ."

कवठ्याच्या पुढं गेल्यावर मास्तरीण डावीकडं वळा म्हणाली. फोन सरळ जा म्हणत होता, अगदी जवळ दाखवत होता. लांब टेकडावर पवनचक्क्या फिरत होत्या आणि रेल्वेच्या भरावापलीकडं अर्जुनाच्या वस्तीतलं पिंपर्णीचं झाड ओळखू येत होतं.

"ते बघ, दिसतंय की. आता हिचं काय ऐकायचं?" म्हणत आकारामनं गाडी सरळ घेतली.

रस्ता रेल्वेखालच्या बोगद्याशी आला. बोगद्याच्या अलीकडे उंच गाड्या अडवायला लोखंडी कमान उभी केलेली, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. आकाराम उतरला, कमानीकडं बघितलं, टपाकडं बघितलं.

"टाकी अडती," तो म्हणाला. "टाकी नसती तर सुटलो असतो."



फोन वाजला. सृष्टी. "आत्या, दिसतंय मला. बोगद्यापाशी हायसा न्हवं? गाडी तिथंच लावा आणि चालत या. धा मिंटं लागत न्हाईत. दादांचा श्वास जरा..." ती थांबली. "या तुमी लगेच."

"चल," आकाराम म्हणाला. चाव्या त्यानं काढल्यासुद्धा. "झाडाखाली लावतो गाडी. चल ऊठ."

मंगलनं दाराच्या खिटीला हात घातला. बोगद्यातून गार वारा येत होता, शेळ्यांच्या लेंड्यांचा वास घेऊन. पलीकडच्या तोंडाशी उजेडाचा चौकोन आणि त्यात पायवाट. तिला फक्त उतरायचं होतं. पण उतरून चालत गेलं तर ती त्याच्या दारात नुसती उभी राहणार. आपलं घर नाही, आपली पायरी नाही, आपलं पाणी नाही. मग आत जावंच लागणार. आणि चार माणसं तिथं असणारच.

"गाडी घिऊनच जाऊ," ती म्हणाली. "मास्तरीण कुठनं न्हेती बघा."

"मंगल, चौदा वर्षं झाली गं."

"आवं, तुमी फिरवा गाडी."

आकारामनं मान हलवली आणि गाडी मागं घेतली. गाडी वळताना मागचं दार वाजलं. उघडून बंद झाल्यासारखं, बेतानं. आकारामनं ब्रेक मारला, उतरून बघून आला.

"खिटी तर लागलेलीच हाय," तो म्हणाला.

मास्तरणीनं लांबचा वळसा दिला: माघारी, मग कालव्याच्या कडेनं, पुढच्या रेल्वे फाटकापर्यंत आणि तिथनं पलीकडच्या अंगानं परत. रस्ता खडीचा. टाकीतलं पाणी डोक्यावर डचमळत होतं. ऊन चढलं होतं. यंत्रावर गाडीचा बाण कालव्याकडेनं नीट सरकत होता. मंगलनं मांडीवरचा फोन बघितला तर त्यातला ठिपका हललेलाच नव्हता. तो कमानीपाशीच उभा होता.

"रेंज नसंल," आकाराम म्हणाला. "अडकतंय कवाकवा."

थोड्या वेळानं तिनं परत बघितलं. ठिपका रुळांच्या रेषेखाली गेला होता. सावकाश. माणूस चालेल तसा. तिनं फोन बंद करून चालू केला. ठिपका रुळांच्या पलीकडं, पायवाटेवर होता.

तिनं फोन पालथा घातला.

फाटक बंद. मालगाडी जायची होती. डबे संपता संपत नव्हते. आकाराम स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवर टाकला.

"मामा, तुमी सावकाश या," सृष्टीचा आवाज हलका झालेला, रडून झाल्यावर होतो तसा. "आत्या पोचल्या."

आकारामनं शेजारी बघितलं. मंगल बसलेली होती.

"कोण पोचलं म्हणतीस?"

"आत्या. चालत आल्या की बोगद्यातनं. आमाला वाटलं दारात थांबत्यात का काय, पण सरळ आत गेल्या. दादांजवळ बसल्यात. मगाशी पाणीबी पाजलं त्यांनी, आणि आपणबी प्याल्या."

"सृष्टी," मंगल म्हणाली. "अगं, मी हितं हाय. गाडीत."

 फोनात मागून, घराच्या आतून, एका बाईचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र मंगलनं ओळखला. आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो परका वाटतो. हा तिला परका वाटला नाही.

फोन कटला. शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं.

 मास्तरीणच बोलत राहिली, डावीकडं, उजवीकडं, आणि शेवटी पोचल्याचं तिनं सांगितलं.

अंगणात माणसं उभी होती. कुणी टोपी काढलेली. अर्जुनाची बायको मनुबाई दारातून बाहेर आली आणि मंगलच्या गळ्यात पडली.

"वन्सं, बरं झालं वक्ताला आलासा. तुमच्या हातचं पाणी पिऊन गेलं माणूस."

मंगलचे हात तसेच खाली लोंबत राहिले.

"आत्ता?"

"आत्ताच की. तुमी गाडीकडं म्हणून भाईर पडलासा आणि तेनं मान टाकली."

सृष्टी खांबाला टेकून उभी होती. तिनं एकदा आत्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि नजर खाली घातली.

"मनुबाई," मंगल म्हणाली. स्वतःला ऐकू येईल एवढंच. "आमी काय बोललो?"

"आता मला काय ठावं? आमाला समद्यास्नी भाईर जावा म्हणालासा न्हवं." मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "दोघंच हुतासा. लय येळ. आधी रडल्याचं ऐकू आलं. मग हसाय लागलासा दोघंबी. किती वर्सांनी हसलं गं बाई माझं माणूस."

"आणि मी... मी काय..."

"बसा वन्सं. आत या. अशा का करताय? मगा तर सरळ आत आलासा."

उंबरा एवढा बुटका होता. मंगलनं तो ओलांडला. ओलांडताना तिला काहीच झालं नाही, आणि तेच तिला सोसेना.

अर्जुनाला अजून खाटेवरून खाली घेतलं नव्हतं. वाळलेला, पिकलेला, पण चेहरा निवांत. मंगल त्याच्या कानाशी वाकली. सगळ्या वाटभर मनात घोळवलेलं तिनं हळूच सांगायला घेतलं, की रेल्वे रखडली त्यात तुझी काय चूक, की मलाच, की मी... पण तिला पुढं बोलवेना. तो ऐकून झालेल्या माणसासारखा दिसत होता. काय ऐकून, ते तिला कधीच कळणार नव्हतं. माफ केलं का, कुणी कुणाला केलं, कशावरनं हसले, काहीच.

खाटेशेजारी पाहुण्याला घालतात तसं घोंगडं घातलं होतं. मंगल त्याच्यावर बसली.

घोंगडं ऊबदार होतं.