ब्राह्मी गोळी झाडत नाही

मैत्रिणीच्या, उत्कर्षाच्या घराकडे निघालेल्या ब्राह्मीला कराडजवळच्या मलकापुरात श्रावणातल्या सरीनं गाठलं आणि ती मिळेल त्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली. ऊनही होतं, पाऊसही होता. दोघांपैकी कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं. ओढणीच्या टोकानं तोंड पुसता पुसता ती थबकली. दुकानातून तिचाच आवाज येत होता.

"…आणि खरं सांगू का, पाच वर्षं जुन्या ग्राफिक्स कार्डावर हा गेम खेळणं म्हणजे चांगलं गाणं बंद दारामागून ऐकणं."

"मग दार उघड की बाई," आतून कुणीतरी त्या आवाजाला उत्तर दिलं. "त्यासाठी नवं घर कशाला बांधतीस?"

ब्राह्मीनं मान वाकवून आत पाहिलं. पोटं उघडी टाकलेल्या कॉम्प्युटरांच्या गर्दीत एक सावळा तरुण खाली वाकून बसला होता. हातात सोल्डरिंगचं पेन, समोर उभा करून ठेवलेला मोबाइल, आणि मोबाइलवर तिचा चॅनल – 'खरं सांगू का'. सांगलीतल्या आपल्या खोलीत बसून ती गेमवर, कार्डांवर, कंपन्यांच्या थापांवर बोलायची. चेहरा कधीच दाखवायची नाही, नुसता आवाज.

"ती ऐकते का तुमचं?" ब्राह्मीनं विचारलं.

"न्हाई. पण सांगितल्याबिगर मला ऱ्हावत न्हाई." त्यानं मान वर केली नाही. "वरीसभर खाली लिवतोय. एकदाबी उत्तर न्हाई. लय मोठी लागून गेलीय."

"कुठल्या नावानं लिहिता?"

"जुनंच बरं."

ब्राह्मी काउंटरपर्यंत पुढं आली. हा तो? प्रत्येक व्हिडिओखाली तीन-तीन परिच्छेद लिहिणारा? त्याचं प्रत्येक अक्षर तिनं वाचलं होतं, काही तर दोनदा. उत्तर दिलं नव्हतं, कारण बऱ्याचदा ते सुचलंच नव्हतं.

"आणि तुमचं म्हणणं काय असतं?"

"ह्येच, की कंपन्या अर्धी कच्ची भाकरी ताटात वाढत्यात आणि म्हणत्यात, उरलेली तव्यावर हाय, अपडेटमदी देतो. वर कार्ड दरसाल नवं. वेग वाढतो मुंगीएवढा, किंमत हत्तीएवढी. आन् ही बाई म्हणती, पाण्यावरचा उजेड बघा." त्यानं पेन खाली ठेवलं. "उजेड बघायचा तर संगमावर जा म्हणावं. फुकट हाय."

"संगमावरचं पाणी मला पाहिजे तेव्हा थांबतं का? मागं जातं का?" ब्राह्मी तावातावानं म्हणाली. "माणसानं आकड्यांतून पाणी उभं केलंय, त्यावर ऊन पाडलंय… अंगावर काटा येत नाही तुमच्या?"

आता त्यानं मान वर केली. मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे.

"तुमचा आवाज…"

"पावसानं बसलाय."

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "बसलेला न्हाई. चांगला हाय."

पत्र्यावर सर वाजत राहिली. दोघंही हसली, आणि हसताना एकमेकांकडे पाहायचं टाळत राहिली.

त्याचं नाव राजरत्न. दुकान त्याचंच, वरच्या मजल्यावर आई मायाबाई. सांगलीच्या तीन दुकानांनी 'मेलंय, नवं घ्या' म्हणून परत केलेलं कार्ड ब्राह्मीच्या पिशवीतच होतं. ते त्यानं हातात घेतलं, पंखा फिरवून पाहिला, कानाशी नेलं. त्याची बोटं एखाद्या पाखराला धरावं तशी कार्डाला धरत होती, आणि ब्राह्मी कार्डाऐवजी बोटंच बघत होती.

"मेलं न्हाई. दमलंय," तो म्हणाला. "चालू करून देतो. काम काय करता ह्याच्यावर?"

मग तिनं सांगितलं. ती स्वतः एक गेम करत होती. पुराचं पाणी चढतंय आणि एका टिटवीला आपली चार अंडी सुखरूप उंचावर न्यायचीत, एवढाच खेळ. पुण्याच्या एका कंपनीला कल्पना आवडली होती. दसऱ्याच्या आत खेळून बघता येईल असा तुकडा पाठवला, तर नोकरी आणि गेम, दोन्ही तिथंच. पण ते चढतं पाणी तिच्या कॉम्प्युटरला पेलत नव्हतं.

राजरत्ननं कार्ड काउंटरवर ठेवलं. मग कान खाजवत म्हणाला, "ह्ये मी कमेंटमदी कवाच लिवणार न्हाई. पण तुमचं काम ह्या कार्डावर हुणार न्हाई. नवंच लागंल."

"नव्या कार्डाची, रॅमची किंमत बघितलीत का? सगळा माल एआयवाल्यांच्या गोदामात चाललाय. मार्केट यार्डात हळदसुद्धा अशी चढत नाही."

"मग?"

"माधवनगरला सप्टेंबरात स्पर्धा आहे. जोडीनं खेळायची. पहिलं बक्षीस नवाकोरा कॉम्प्युटर. उत्कर्षा माझी जोडीदार होती, पण ती परवा पुण्याला नोकरीला चालली." ब्राह्मीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही… खेळता का?"

"आठ वर्सं जुन्या मशीनवर," राजरत्न म्हणाला. "लय वाईट न्हाई."

मग दिवसांना पंख फुटले. रोज संध्याकाळी ती सांगलीत, तो मलकापुरात, आणि दोघांच्या मधे कानातली एक तार. खेळाचा नियम साधा होता: वीस जोड्या एका बेटावर उतरतात, भोवतीचं वर्तुळ आवळत येतं, आणि शेवटी उरेल ती जोडी जिंकते. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दहाव्या दिवशी खेळ संपला तरी फोन कुणी ठेवेना. तो तिला वाद घालायला नवे विषय पुरवायचा. विकत घेतलेला गेम कंपनी उद्या बंद करते, म्हणजे तो आपला का भाड्याचा? कीबोर्डाला दिवाळीसारखे दिवे लावून वेग वाढतो का? ती भांडायची, हरायची, दुसऱ्या दिवशी नव्यानं भांडायची.

आणि इथंच घोटाळा झाला. स्पर्धेची तारीख इंग्रजी, ब्राह्मीच्या घरचं जैनांचं पर्व तिथीचं. गेल्या वर्षी दशलक्षण पर्व सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात संपलं होतं, त्या हिशेबानं ब्राह्मीनं वीस तारखेच्या स्पर्धेचा फॉर्म भरला. यंदा अधिक महिना आलाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. स्पर्धा नेमकी पर्वाच्या सहाव्या दिवशी पडली.

पर्वाच्या दहा दिवसांत ब्राह्मी एकभुक्त राहायची, आणि तिचा आणखी एक नेम होता. नऊ वर्षांची असताना तिनं आईला, राजमतींना, विचारलं होतं, "पडद्यावर मारलं तर पाप लागतं का गं?" आईनं पोळी उलटता उलटता विचारलं, "मारताना मनाला मजा येते का?" येत होती. तेव्हापासून दहा दिवस ती पडद्यावरसुद्धा कुणाला मारत नसे.

स्पर्धेच्या सकाळी, माधवनगरच्या जुन्या गिरणीच्या शेडमधे यंत्रांच्या रांगेसमोर बसल्यावर, तिनं हे राजरत्नला सांगितलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजी तू गोळी झाडणार न्हाईस."

"नाही."

"मग मी मारतो, तू मला दाखव कोण कुटं हाय."

"तसंही नाही चालत. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा दोष सारखाच. मी मारायचं नाही, तुला मार म्हणायचं नाही, आणि मारलंस तर शाबास म्हणायचं नाही."

राजरत्ननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ब्राह्मीला वाटलं, आता हा उठून जाणार. पण त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

"आमच्यातबी पंचशिलातलं पयलं शील ह्येच हाय की," तो म्हणाला. "दर रविवारी विहारात म्हणतो, आन् घरी यीऊन बंदूक हातात घेतो. तू निदान दहा दिवस तरी पाळतीस. चल, खेळू."

आणि काय खेळली ती दोघं. ब्राह्मी वाऱ्यासारखी पळायची, वाटा शोधायची, राजरत्न जखमी झाला की धावत जाऊन त्याला उभा करायची. "त्या झाडामागं कुणीतरी उभं आहे," ती म्हणायची.

"मग?"

"मग काही नाही. झाड छान आहे."

राजरत्न पुढचं आपलं आपण समजून घ्यायचा. एक गडी टिपला की तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघायचा, आणि ती ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत राहायची.

"एवढासाबी शब्द न्हाई?"

"नाही."

"गालात हसलीस त्ये चालतं का?"

"ते मोजू नकोस."

दुपारी सुट्टीत सगळी शेड वडापाववर तुटून पडली. ब्राह्मीचं जेवण सकाळीच होऊन गेलं होतं. राजरत्नच्या पिशवीत मायाबाईंनी दिलेला डबा होता. मेथीचा वास तिला आला होता. पण तो डबा न उघडताच तिच्या शेजारी येऊन बसला.

"जेवत नाहीस?"

"पोट बरं न्हाई."

त्याचं पोट त्याच क्षणी गुरगुरलं. दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि ब्राह्मीला वाटलं, ह्या गुरगुरण्याइतकं गोड आपण वर्षभरात काही ऐकलं नसेल.

शेवटचा डाव. वर्तुळ आवळत आवळत एका पडक्या कौलारू घराभोवती येऊन ठेपलं. उरले तिघं: ही दोघं, आणि जोडीदार आधीच पडलेला आटपाडीचा भाऊसो. सगळ्या स्पर्धेत त्याच्याइतका अचूक कुणी नव्हता. त्यानं राजरत्नला पाडलं. राजरत्न जमिनीवर, घडीभराचा सोबती. ब्राह्मी भिंतीआड. आणि भाऊसो… तिच्याकडे पाठ करून, भलत्याच दिशेला तिला शोधत उभा.

शेडमधले लोक उठून उभे राहिले. "मार की, पाठमोरा हाय," मागून कुणी ओरडलं.

ब्राह्मीनं बंदूक उचलली. पडद्यावरचा लाल ठिपका भाऊसोच्या पाठीवर जाऊन बसला. एक गोळी. मग नवा कॉम्प्युटर, चढतं पाणी, टिटवी, पुणं. दसरा महिन्यावर आला होता. पडद्यावरचाच तर माणूस. आई म्हणालीच असती, मनाला मजा येते का… आता कुठं मजा येत होती? नुसती भीती होती. बोट खाली दबायला निघालं.

"ब्राह्मी," शेजारून हळू आवाज आला. "मारू नको."

तिनं मान वळवली नाही. "कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर मोडला तर जोडता येतो. तुझा नेम मोडला तर मला त्यो जोडता येणार न्हाई."

ब्राह्मीनं बंदूक टाकली. भिंतीआडून ती सरळ राजरत्नकडे पळत सुटली आणि त्याला उठवायला वाकली. भाऊसोनं वळून पाहिलं. दोन गोळ्या, आणि सगळं संपलं. शेडभर 'आरारारा' घुमलं.

भाऊसो स्वतःहून तिच्यापाशी आला. "ताई, तुमी माझ्या पाठीवर नेम धरला हुता. डाव संपल्यावर परत दावला त्यात दिसलं मला. सोडला का?"

"पर्व चालू आहे."

"मग जिंकलो म्हणू का नको मी?" असं स्वतःशीच पुटपुटत तो बक्षीस घ्यायला गेला.

बाहेर भादव्याचं ऊन पडलं होतं. ब्राह्मीला राजरत्नशी लय बोलायचं होतं. "जाते," एवढंच ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "व्हय… जा."

मग आठवडाभर फोन वाजला नाही. ना इकडून, ना तिकडून.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी जैन घरांतली माणसं दारोदार जाऊन हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात. ब्राह्मीनं सकाळीच शेजारपाजार उरकला आणि सांगली-कराड एसटी धरली. मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं एक मोठं खोकं होतं.

राजरत्न दुकानात होता. ती दिसताच त्याच्या हातातला स्क्रू निसटून कुठंतरी गेला. त्यानं शोधलाही नाही.

"क्षमा मागायला आले," ब्राह्मी म्हणाली. खोकं तिनं काउंटरवर टेकवलं, हात जोडले. "त्या दिवशी मी मारणार होते. बोट निघालं होतं. तू बोलला नसतास तर मी नेम मोडला असता. तुला वाटलं असेल मी लय निश्चयाची आहे… मी नाही. हे तुला कळायला हवं होतं."

"मला कळलं हुतं."

"कसं? तू पडद्याकडे बघत होतास ना?"

राजरत्ननं मान खाली घातली. "मग मलाबी क्षमा पायजे. मी पडून हुतो, माझ्या पडद्यावर बघण्यासारखं काय नव्हतंच. मी तुझ्याकडं बघत हुतो. तुझा चेहरा असा झाला, जसं कुणी आपलंच काय तरी हिसकून घेतंय… मला बघवंना. पर्वासाठी न्हाई बोललो मी. बक्षिसाचं तर डोक्यातबी नव्हतं." त्यानं मान वर केली. "तू मला आवडतीस, ब्राह्मी. तुझ्या त्या उजेडासकट."

ब्राह्मीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर हसू, आणि दोन्ही तिला एकदम आवरेनात.

"क्षमा आहे," ती म्हणाली. "आणि… मलाही. पहिल्या कमेंटपासून, खरं सांगू का."

"आन् ह्ये खोकं?"

"माझा कॉम्प्युटर. तू त्याच्यात काय घालायचं ते घाल, जुनं, नवं, कुणाचंही. मी इथं बसून गेम पुरा करणार. पुण्याला काय पाठवायचं ते इथूनच पाठवीन."

"घरात ठाव हाय?"

"आईला सांगून आले. म्हणाली, क्षमा मागायला एवढं मोठं खोकं कशाला लागतं गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तिनंच ते एसटीपर्यंत उचलून आणलं."

राजरत्न हसला नाही. त्याला बहुतेक हसता आलं नाही. त्यानं काउंटरची फळी वर उचलली, गिऱ्हाइकासाठी कधी उचलत नसे ती, आणि खोकं घेऊन आत गेला. आपल्या टेबलावरची अर्धी जागा त्यानं दोन्ही हातांनी रिकामी केली.

"किती दिवस लागतील?" पाठमोऱ्यानंच विचारलं त्यानं.

"गेमला दसऱ्यापर्यंत," ब्राह्मी म्हणाली, आणि फळीखालून वाकून आत आली.