एक पाव, पिक्चर बाद

माझ्या सीटवर बसला होता तो. वर मलाच म्हणतो कसा, "मॅडम, तुमी तिकडं बसा ना... इथून लय भारी दिसतंय."

"म्हणूनच मी ही सीट घेतली आहे!" मी म्हटलं.

"आसं व्हय..." म्हणत तो शेजारच्या खुर्चीत सरकला आणि खाऱ्या दाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. बाहेर पावसाची रिपरिप, थेटरात मोजकीच माणसं आणि पडद्यावर एक भिकार सिनेमा. हिरो मेला तेव्हा शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं.

"सर्दी झाली हाय," तो म्हणाला.

"मग रुमाल घ्या."

"तुमच्याकडं हाय का?"

काय बोलणार? दिला. आता रुमाल परत द्यायचा तर पत्ता हवा, म्हणून मी कुठे काम करते तेही सांगून टाकलं. एरवी मी अशी कुणालाही पत्ते वाटत फिरत नाही हं, पण त्याचे डोळे अजून ओले होते.

मी नाशिकरोडला शाहनवाजभाईंच्या चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते. भाईंना दोनच वेडं, चष्मे आणि सिनेमा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुमनबाई राहतात, रिटायर्ड नर्स, त्यांना एकच वेड, भाईंशी वाद घालणं. आम्हा तिघांचं एक मंडळ होतं. आठवडाभरात ज्याने जो सिनेमा बघितला असेल त्याची गोष्ट रविवारी सकाळी दुकानातच मिसळ खाता खाता सांगायची आणि बाकीच्यांनी मार्क द्यायचे. मार्क पावात. पाच पाव म्हणजे डोक्यावर घेऊन नाचायचं, तीन म्हणजे टाइमपास. कुणी एक पाव दिला की पिक्चर बाद, आणि बाद पिक्चरवर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. हा कायदा सुमनबाईंचा. एका सिनेमावरून त्या आणि भाई एवढे भांडले होते की त्या वर्षी दिवाळीचा फराळसुद्धा वरून खाली उतरला नाही.

रुमाल धुऊन, इस्त्री करून नाथा दुकानात आला आणि भाईंनी त्याला तिथल्या तिथे मंडळात ओढलं.

नाथा नांदगावकडचा. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. किती घासले तरी त्याच्या नखांतला कोळसा जायचा नाही, म्हणून मिसळ खाताना तो हात जरा आत दुमडून बसायचा. मला ते फार गोड वाटायचं. मार्क देताना मात्र अगदी दानशूर कर्ण!

"तू कधी तीनच्या खाली उतरतच नाहीस का रे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"त्याईनं एवढी मेहनत केली असंल ना."

"मेहनत गवंडीपण करतो. म्हणून वाकडी भिंत चालते का?"

"तुमी लय कडक हाय. तुमच्या नवऱ्याचं कसं व्हायचं?"

"त्याला मी पाच देईन."

"आँ... न बघताच?"

"छे! चांगला निरखून." आणि मी निरखूनच बघितलं त्याच्याकडे.

त्याला जो ठसका लागला! मिसळीची तर्री तिखट होती म्हणे.

मला तो आवडायला लागला होता. त्यात लाजायचं काय? गावाहून येताना तो बोरं आणायचा, सगळ्यांना सारखी वाटायचा, पण माझ्या ओंजळीत मोठी मोठी पडायची. माझं एखादं वाक्य आवडलं की मान खाली घालून हसायचा. मी "अहो-जाहो पुरे आता" म्हटलं तरी "तुमी" काही सोडायचा नाही. आणि मनातलं बोलायचा तर नाहीच.

मग एका रविवारी सुमनबाईंनी त्याच्या तोंडून काढून घेतलंच. घरचे चांदवडला मुलगी बघायला जाणार होते. आता तरी बोलेल हा, मी म्हटलं. बोलायचं त्यानेच, हे माझं पक्कं ठरलेलं. मी का म्हणून? बाईमाणसाने एवढं हसावं, एवढं चिडवावं, ओंजळ पुढे करावी, आणि वर तोंडानेही सांगावं? वा रे वा!

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मिसळीला हातही लावला नाही.

"मी एक पिक्चर पाह्यला," तो म्हणाला. "मोबाईलवर."

"नाव काय?" भाईंनी विचारलं.

"ध्यानात नाय... हिरो खेड्यातला असतो. शहरात मजुरीला. हिरोइन दुकानात असती. तोंडानं लय फटकळ, पन मनानं... मनानं चांगली." त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "घरचे त्याच्यासाठी पोरगी बघून ऱ्हायले. त्याच्या मनात ही. पन त्याला वाटतं, शिकलेली पोरगी, आपल्याला हसंल."

माझे कान तापले. अगं बाई... हा तर आमचीच गोष्ट सांगतोय!

"मग? शेवट काय?" सुमनबाई पुढे सरकल्या.

"शेवटाला तो काईच बोलत नाय. गावाला निघून जातो."

सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि चार पाव दिले. भाईंनी तीन. राहिले मी. नाथा माझ्याकडे बघत होता, सरळ, पापणीसुद्धा न हलवता. एवढं धाडस त्याने कधी केलं नव्हतं.

आणि मला राग आला. असा राग आला म्हणून सांगू! एवढी वाट बघायला लावलीस, आणि आता चारचौघांत, पिक्चरच्या आडून? आणि त्यातही हिरो न बोलताच पळतो?

"एक," मी म्हटलं. "मेला पळपुटा हिरो!"

माझ्या मनात काय होतं? तो म्हणेल, का हो एवढा राग? मी म्हणेन, शेवट बदल, बघ पाच देते. सगळं जिभेवर तयार होतं. त्याने फक्त विचारायचं होतं.

त्याने विचारलं नाही. मान हलवली. थंड झालेली मिसळ शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, "येतो" म्हणाला आणि निघाला. मी बाहेर येऊन उगाच स्कूटीचा आरसा पुसत उभी राहिले, तर तो समोरच्या रिक्षात चढलासुद्धा. रुसला असेल, म्हटलं. येईल.

पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. त्याला फोन करायला मोबाईल हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. आधी राग होता, मग हट्ट, आणि मग नुसती भीती. काय बोलणार फोनवर?

आला तो थेट पत्रिका घेऊन. भाईंना पेढे दिले, त्यांच्या पाया पडला. माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला तेव्हा मी काउंटरवरून उठले आणि त्याला दुकानाबाहेर, जिन्यापाशी घेऊन गेले.

"का आला नाहीस रे एवढे दिवस?"

"तुमी एक दिला ना."

"मग?"

"मग काय... बाद पिक्चरवर बोलायचं नसतंय."

"अरे, पिक्चरचा कायदा तो! माणसांचा आहे का?"

"मला काय ठावं. तुमी कुनाच्या तोंडावर खोटं बोलत नाय. म्हनून तर तुमच्याकडं मार्क मागितले."

"मला तू आवडत होतास, नाथा. आवडतोस. हिरो बोलला नाही याचा राग आला मला... तुझा नाही. मी वाट बघत होते, तू बोलशील म्हणून."

त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने नखं आत दुमडली.

"मंग तू का नाय बोललीस?"

पहिल्यांदाच "तू" म्हणाला मला.

"अजून लग्न झालेलं नाही," मी कसंबसं म्हटलं. म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

"बघायला गेलो तव्हा," तो हळूच म्हणाला, "तिनं समद्यांच्या देखत इचारलं. मी खरंच आवडली का घरचे म्हनतात म्हनून आलात? मी म्हनलो, आवडली."

"खरं होतं ते?"

"तव्हा नव्हतं. आता हाय."

खोटं बोलता येत नाही त्यालाही. ती मुलगी कोण, दिसते कशी, मला काही माहीत नाही. पण तिने विचारलं. एवढं सोपं होतं ते, आणि मला नाही जमलं.

"बरं," मी म्हटलं. "चांगला राहा तिच्याशी. आणि आता जा बाबा... मला रडू येतंय आणि मला तुझ्यासमोर रडायचं नाहीये."

तो गेला नाही. फक्त वळला, माझ्याकडे पाठ केली आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून माझ्यापुढे उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला मी दिसू नये म्हणून. माझं रडणं संपेपर्यंत त्याने मागे वळून बघितलं नाही. मग मी डोळे पुसले, "झालं" म्हटलं, आणि तो निघून गेला.