खांबाजवळची धरलेली जागा

तोंग वेई शेजारच्या विद्यापीठात निघाली ती फक्त जेवायला. मध्ये एक भिंत, भिंतीत लोखंडी फाटक, आणि फाटकापलीकडे वूहानभर नावाजलेली तिसरी मेस. नववर्षाच्या जेवणात मामांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अध्यापक विद्यापीठात काय गं, ताटात खडू वाढतात का?" सगळे खो खो हसले. मामेबहीण सोंग मिन तर पलीकडच्या तांत्रिक विद्यापीठातली, ती जरा जास्तच हसली. तो घाव तोंग वेईच्या जिव्हारी लागला होता. आमच्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, असं एक तरी काही तिला त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. म्हणून जूनच्या त्या दुपारी तिने आपल्या विद्यापीठाचा पांढरा बिल्ला मुद्दाम छातीवर लावला.

सोंग मिनने आपलं जेवणाचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि वाढपाच्या खिडकीतल्या मावशींना म्हणाली, "मावशी, आज हात थरथरू देऊ नका हं. पाहुणी आहे."

मावशींनी पळीला हिसका दिलाच. बरगडीचा सगळ्यात मोठा तुकडा परत पातेल्यात गेला.

"हे आमच्याकडेही आहे," तोंग वेई म्हणाली.

मेस खच्चून भरलेली. फक्त खांबाजवळचं एक टेबल मोकळं होतं. त्यावर एका बाजूला इनॅमलचा जुनापुराणा वाडगा, आणि त्यात वाफाळता भात.

"अलीकडे बस," सोंग मिन हळूच म्हणाली. "ती जागा धरलेली आहे."

"कुणी?"

"चोपन्न सालच्या पुरात बांध फुटायला आला, तेव्हा या टेबलावरचे आठ जण अर्ध्या जेवणातून उठून धावले. सातच परत आले. आठवा जाताना म्हणाला होता, जागा बघा, आलोच. आमच्याकडे धरलेल्या जागेला कुणी हात लावत नाही. मावशी रोज त्याच्यासाठी गरम भात वाढतात आणि संध्याकाळी जसाच्या तसा काढून टाकतात."

"नाव काय त्याचं?"

"तीच तर गंमत. आमच्या यादीतलं एकही नाव कमी भरत नव्हतं म्हणे. पण होता आमचाच! आहे का असा कुणी तुम्हा खडूवाल्यांकडे?"

सोंग मिन मान ताठ करून कमळकाकडीचा रस्सा आणायला गेली. तोंग वेईने चिडून वही टेबलावर आपटली आणि घास उचलला.

मग मेसमधला गोंगाट विरत गेला. तोंडं हलत होती, ताटं आदळत होती, पण आवाज कुठूनतरी लांबून येत होता. नदीच्या गाळाचा वास आला, ओला, थंडगार. टेबलाखाली पाणी ठिबकू लागलं... टप... टप...

तिने नजर वर केली. समोर एक मुलगा बसला होता. सदरा अंगाला चिकटलेला, नखांत काळा चिखल. तो भाताकडे बघत नव्हता. तो तिच्या बिल्ल्याकडे बघत होता.

"तू... आपल्या कॉलेजची?"

तोंग वेईने होकारार्थी मान हलवली.

"मी इथला नाही गं... मित्राच्या कुपनावर जेवायला आलो होतो. तो बोलला नसेल. दुसऱ्याला कुपन दिलं की शिक्षा असायची..." त्याच्या ओठांतून पाणी ओघळलं. "इथे रोज वाढतात. पण परक्याच्या घरी किती दिवस जेवायचं? हजेरीपटात बघशील? लुओ छी-आन..."

"वेई! अगं, चेहरा काय झालाय तुझा?" सोंग मिन रस्सा घेऊन उभी होती. समोर कुणी नव्हतं. तोंग वेई उठली आणि फाटकापर्यंत धावत सुटली. वही तिथेच राहिली.

आपल्या विद्यापीठाच्या दप्तरखान्यात तिला चोपन्न सालचा, विद्यापीठ अजून कॉलेज असतानाच्या पहिल्या तुकडीचा हजेरीपट सापडला. लुओ छी-आन. नावापुढे लाल शाईत शेरा होता, 'न सांगता पळून गेला.' इतकी वर्षं! तोंग वेईला भीतीच्या जागी संताप आला, आणि संतापापाठोपाठ असा अभिमान दाटून आला की डोळे भरून आले. तिने पेन काढलं. दप्तरखान्यात पेन चालत नाही, शिक्षा होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने लाल ओळीवर काट मारली आणि लिहिलं, 'पळाला नाही. बांधावर गेला. आमचा होता.'

दुसऱ्या दिवशी दुपारी सोंग मिनचा फोन आला. "वेई, वाडगा नाहीये गं... कुणी हात लावला नाही, तरी नाहीये!"

तोंग वेई तेव्हा आपल्याच मेसच्या दारात उभी होती. कोपऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या टेबलावर तो वाडगा होता. रिकामा. भाताचं शीतसुद्धा उरलं नव्हतं.

त्याच्यासमोर, तिच्या जागेवर, दुसरा वाडगा होता. गरम भाताने भरलेला. आणि तिच्या खुर्चीवर, जागा धरून ठेवावी तशी, तिची वही. चिंब भिजलेली.

बाहेर भोंग्यावरून सूचना सुरू झाली. नदी रात्रीतून दोन हात चढली होती. बांधावर यायला तयार असलेल्या विद्यार्थ्यांनी फाटकाशी जमायचं होतं.

तोंग वेई बसली. ती जेवली. अर्ध्यावरून उठायचं नाही, एवढं तिला कळलं होतं. शेवटचं शीत संपवून तिने बिल्ला सरळ केला आणि ती बांधावर जायला उठली.

समोरच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "जा तू... तुझी जागा मी बघतो."