पाऊलवाळूचे चाळीस दिवस

वाचनाच्या शेवटच्या दिवशी सकाळी वास्तुविशारद हेमांगी देवस्थळीने माळवाडीचा नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला. यंदाची ही सतरावी जागा. सहाशे माणसांचं गाव, आणि दोन ओसाड माळांवर दिवसाला चार लाख पावलं! जेवायला तरी वेळ मिळतो का या लोकांना?

सरकारी इमारत बांधण्याआधी जागेचं वाचन करणं आता सक्तीचं होतं. वारा, ऊन, पाण्याचा उतार मोजणं जुनंच. माणसांचा वावर कळावा म्हणून मातीत पाऊलवाळू मिसळत. बाजरीच्या दाण्याएवढे ते संवेदक प्रत्येक पावलाची जागा, वजन, वेग टिपत. चाळीस दिवसांनी संगणक सांगे, इमारत कुठे हवी. इथे प्रसूतिगृह व्हायचं होतं. ते वरच्या वस्तीच्या माळावर की खालच्या, एवढंच ठरायचं होतं. मधला ओढा पावसाळ्यात चार-चार दिवस उतरत नसे.

हेमांगीला आता कुठलंच गाव बघायचं नव्हतं, तरी ती निघाली.

वरच्या माळावर नऊ बायका मळणीच्या बैलांसारख्या गोल फिरत होत्या.

"मावशी, हे काय चाललंय?" तिने सगळ्यांत पुढे असलेल्या तानूबाईंना विचारलं.

"फेऱ्या." तानूबाई थांबल्या नाहीत. "तुमीच सांगितलं न्हवं ग्रामसभेत, पावलं जास्त तिथं दवाखाना? खालच्या वस्तीनं फिराय सुरुवात केली. मग आमी काय हातावर हात धरून बसायचं?"

हेमांगीने ते सांगितलं होतं खरं. इतकं सोपं करून सांगितलं म्हणून ती त्या दिवशी स्वतःवर खूशही होती.

रांगेच्या शेवटी तानूबाईंची सून कमळ चालत होती. आठवा महिना लागलेला.

"अहो, हिला कशाला चालवता?"

"वाळू वजन बी बघती म्हनला हुतासा. हिचं दोघांचं वजन. म्हनून हिला दोन जणींच्या फेऱ्या दिल्यात." तानूबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या आवाजात नुसता शीण होता.

हेमांगीने हातातल्या पडद्यावर कमळच्या पावलांची रेघ शोधली. पहिल्या आठवड्यात ढांगा लांब होत्या. मग त्या आखूड होत गेल्या, आणि गेले तीन दिवस डावा पाय फरफटत होता. संगणकाने रेघ हिरवी रंगवून शेजारी लिहिलं होतं : नियमित, वाढता वापर. काल हेमांगीनेच त्याखाली संमतीची खूण केली होती. तिला स्वतःची शरम वाटली.

"बंद करा हे. आत्ताच्या आत्ता."

"आमी करतो. वढ्यापल्याडचे करतील?"

हे वाचन खोटं म्हणून कळवलं, तर प्रसूतिगृह दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं. हेमांगी हे बोलणार, तेवढ्यात कमळ पोट धरून मटकन खाली बसली. घोट्यांपासून तिचे पाय सुजले होते.

तालुक्याचा दवाखाना छत्तीस किलोमीटरवर. हेमांगीने तिला गाडीत मागच्या सीटवर निजवलं, तानूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. ओढा ओलांडला तेव्हा पलीकडच्या माळावरही बायकांची रांग फिरतच होती. एक पोटुशी तिथेही होती.

कमळने मान उचलून ती रांग पाहिली.

"म्याडम, आजचा शेवटचा दिस. गाडीत बसल्यावर पावलं धरत न्हाईत न्हवं?"

"नाही गं. तू पडून राहा."

"मग माझ्यापायी आमची पावलं कमी पडली, तर?"